घामाचा आकडा

लाँड्रीत त्याला सगळे पैलवान म्हणत, पण आयुष्यात त्याने कधी कुणाला पाठीवर पाडलं नव्हतं. उंची बेताची, वजन एकशे बारा किलो, आणि स्वभाव असा की रांगेत कुणी मध्ये घुसलं तर हाच दोन पावलं मागे सरकायचा. बावीस वर्षं तो हाताच्या इस्त्रीवर होता. चादरी, टॉवेल, पडदे असला ठोक माल मोठ्या रोलरमधून निघायचा. पण डॉक्टरांचे कोट, हॉटेलातल्या वाढप्यांचे शर्ट, कॉलर आणि कफ असलेलं जे काही असेल ते पैलवानाच्या टेबलावर यायचं. दिवसाला दीडशे नग. हातात वाफेची इस्त्री, डोक्यावर पत्रा, पाठीमागे कपडे सुकवणाऱ्या यंत्रांची रांग. सकाळी आठला घातलेला बनियन दहा वाजता पिळून परत घालावा लागायचा.

घरात माणसं तीन. तो, त्याची धाकटी बहीण आणि बहिणीची मुलगी. भाची चार वर्षांची असताना बहिणीचा नवरा गेला, तेव्हा पैलवान म्हणाला, "सामान आवर, घरी चल," आणि तो विषय तिथे संपला. त्याच्या स्वतःच्या लग्नाचा विषयही त्याच दिवशी संपला, फक्त ते कुणी बोलून दाखवलं नाही. पुढे भाची शिकली, एका कचेरीत कामाला लागली. आता जरा बरे दिवस येतील असं वाटायला लागलं, तोच बहिणीच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले.

आठवड्यातून तीनदा डायलिसिस. चार-चार तास यंत्राला जोडून घ्यायचं आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचं. डॉक्टरांनी सांगितलं, कुणीतरी किडनी दिली तर बरं. भाचीचा रक्तगट जुळला नाही. भावाचा जुळला, आणि नुसता रक्तगटच नाही, सगळंच जुळलं. "सख्खी भावंडं शोभता," डॉक्टर म्हणाले. पैलवान खुर्चीतून अर्धवट उठलाच. "मग कधी काढताय?"

डॉक्टरांनी त्याला वजनाच्या काट्यावर उभं केलं आणि मान हलवली.

"एवढ्या वजनाच्या माणसाची किडनी आम्ही काढत नाही. ऑपरेशनमध्ये तुमच्याच जिवाला धोका, आणि नंतर उरलेल्या एका किडनीवर सगळा भार. पंच्याण्णवच्या खाली या. आणि लवकर या. बहिणीचं हृदय मोठं झालंय, ते फार दिवस वाट बघणार नाही."

म्हणजे सतरा किलो. जगात माणसं बहिणीसाठी काय काय करतात. याला फक्त बारीक व्हायचं होतं. तो घरी आला तेव्हा किडनी दिल्यासारख्याच तोऱ्यात होता.

दवाखान्यातून जेवणाचा एक छापील कागद मिळाला होता. दिवसाला सोळाशे कॅलरी. सकाळी एक अंडं आणि पावाचा एक तुकडा, दुपारी मुठीएवढा भात, वाटीभर डाळ, काकडी. पैलवानाने तो वाचला आणि त्याला राग आला. कागदावर चित्रात एक माणूस खुर्चीत बसून सफरचंद खात होता. "हे बसून काम करणाऱ्यांसाठी आहे," तो म्हणाला. "दहा तास इस्त्री ओढायची आणि एवढंसं खायचं? तिसऱ्या दिवशी टेबलावर आडवा होईन." आता यात त्याचं सगळंच चुकलं असं मी म्हणणार नाही. कष्ट करणाऱ्या माणसाला कमी खा म्हणणं हा त्याला कष्टाचाच अपमान वाटतो. पण राग आला म्हणून गणित बदलत नाही, हेही तितकंच खरं.

भाचीने मधला मार्ग काढला. ती हुशार पोरगी, तेवीस वर्षांची, कुठल्याही अडचणीवर काहीतरी यंत्र निघालेलं असणारच असा तिचा विश्वास. तिने मामासाठी मनगटावर बांधायचं घड्याळ आणलं, नाडी मोजणारं, पावलं मोजणारं, दिवसभरात किती कॅलरी जळल्या ते सांगणारं. त्यात मामाचं वय, उंची, वजन भरलं आणि म्हणाली, "मामा, हे डाव्या हातात घाल. आणि नियम सोपा. हे जेवढं दाखवेल त्यातून हजार वजा करायचे, उरेल तेवढं खायचं. दर आठवड्याला किलोभर उतरणार म्हणजे उतरणारच. चार महिन्यांत मोकळे."

त्याने ते उजव्या हातात घातलं. त्याला कारण होतं. इस्त्रीवाल्याचा डावा हात कापडावर पुढे सरकत असतो, सुरकुती मोडत, आणि त्या हातात घड्याळ, कडं, अंगठी, काहीही चालत नाही. बक्कल अडकलं की कोटाचा धागा निघालाच. बावीस वर्षं त्याचा डावा हात उघडा होता. उजवा हात इस्त्रीच्या मुठीवर, त्याला काही अडचण नाही. म्हणून घड्याळ उजवीकडे. भाचीला हे सांगावं असं त्याला वाटलंही नाही.

पहिल्याच संध्याकाळी घड्याळाने दाखवलं: एकतीस हजार पावलं, तीन हजार नऊशे कॅलरी.

"बाप रे!" भाची ओरडली. "मामा, तू दिवसभर काय पळत होतास का?"

"टेबलापाशीच होतो की," तो म्हणाला. क्षणभर त्यालाही नवल वाटलं. मग आठवलं की रोज संध्याकाळी पोटऱ्या दुखतात. त्या काय उगाच दुखतात?

दुसऱ्या दिवशी लाँड्रीत सगळ्यांनी त्याचं मनगट धरून बघितलं. कपडे ने-आण करणाऱ्या गाडीवाल्याकडेही तसलंच घड्याळ होतं. त्याची पाच हजार पावलं. कचेरीतल्या कारकुनाची तीन हजार. पैलवान सगळ्यांत वर. मालकसुद्धा आतून बाहेर येऊन म्हणाला, "हा तर घोडा आहे रे!" बावीस वर्षं त्याने कॉलरी कडक केल्या, त्या घालून माणसं मिरवली, पण त्याच्या कामाला कुणी आकडा दिला नव्हता. आता रोज संध्याकाळी आकडा मिळायला लागला. तो चालताना जरा छाती काढायला लागला.

फक्त घड्या घालणारी मावशी म्हणाली, "अरे, घामानं माणूस बारीक झाला असता तर मी आत्तापर्यंत पंख्याच्या वाऱ्यानं उडून गेले असते."

"मावशी, यंत्र सांगतंय," पैलवान म्हणाला.

"यंत्राला काय, घाम येतो का?" मावशी म्हणाली, आणि तिने पुढची चादर ओढली.

घरी भाची डोळ्यांत तेल घालून जेवण मोजायची. घड्याळाने तीन हजार नऊशे म्हटलं की मामाच्या ताटात एकोणतीसशे. पोटभर जेवण होतं ते. त्यात पैलवानाचा काही दोष नव्हता. तो नियमाबाहेर एक बिस्कीट खात नव्हता. लाँड्रीत कुणी केळं पुढे केलं तर तो हात मागे घ्यायचा. मालकाच्या मुलाच्या वाढदिवसाचा केक आला, तर हा बाथरूममध्ये जाऊन बसला, वास नको म्हणून.

दर सोमवारी तो लाँड्रीच्या काट्यावर उभा राहायचा. मळलेल्या कपड्यांची गाठोडी तोलायचा तो काटा, खाली रुंद लोखंडी पाट. या काट्याबद्दल लाँड्रीत सगळ्यांना एक गोष्ट ठाऊक होती आणि ती कुणी मोठ्याने बोलत नसे: तो तीन किलो जास्त दाखवायचा. हॉटेलवाल्यांना वजनावर दर लागायचा, त्यामुळे मालकाला तो तसाच बरा होता. पैलवान उभा राहिला की काटा म्हणायचा एकशे पंधरा. पुढच्या सोमवारी एकशे पंधरा. त्याच्या पुढच्या सोमवारीही एकशे पंधराच.

"नावडतीचं मीठ अळणी" म्हणतात, त्यातली गत. काटा जन्माचा खोटारडा, त्याचं कोण ऐकणार? आणि घड्याळ नवं कोरं, भाचीने प्रेमाने आणलेलं, रोज शाबासकी देणारं. पैलवानाने काट्याला शिवी हासडली आणि पाचव्या सोमवारपासून त्यावर उभं राहणंच सोडलं. एवढं साधं त्याच्या लक्षात आलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही आलं नसतं: तीन किलो जास्त दाखवणारा काटासुद्धा माणूस पाच किलोनं उतरला तर पाच किलो खाली येतो. खोटारडा होता, पण तो एक गोष्ट खरी सांगत होता. काहीच उतरलेलं नाही.

तीन महिन्यांनी दवाखान्यात तपासणी होती. पैलवान नवा शर्ट घालून गेला. बहीण आत डायलिसिसच्या खाटेवर होती; जाताना तिने विचारलं, "किती झालं असेल रे दादा?" तो म्हणाला, "शंभराच्या आत बघ तू."

एकशे अकरा भरलं.

तो खाली उतरला, परत चढला. मग त्याने बूट काढले, पट्टा काढला, खिशातली किल्ली टेबलावर ठेवली. काट्याला त्याचं काही नव्हतं. डॉक्टरांनी त्याला शेजारच्या खोलीतल्या आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं.

बाई वयाने लहान होत्या, पण बोलणं शांत. त्यांनी विचारलं, कागदाप्रमाणे खाता का? त्याने घड्याळाचा नियम सांगितला, अभिमानानेच सांगितला, आणि मनगट पुढे केलं. बाईंनी आकडा बघितला. "काय काम करता?"

"इस्त्री."

"बसल्या बसल्या दाखवा बघू, कशी करता."

त्याला हसू आलं. पण त्याने खुर्चीत बसूनच टेबलावर उजवा हात फिरवायला सुरुवात केली, पुढे-मागे, पुढे-मागे, कोटाच्या पाठीवरून फिरवतो तसा. बाईंनी घड्याळाकडे बोट दाखवलं. पावलांचा आकडा वाढत होता. चोवीस. एकतीस. चाळीस. तो खुर्चीत बसला होता आणि घड्याळाच्या मते चालत होता.

त्याने हात थांबवला. आकडाही थांबला.

"हे हाताचा हिसका मोजतं आणि नाडी मोजतं," बाई म्हणाल्या. "नाडी बऱ्यापैकी बरोबर मोजतं. पण कॅलरी मोजत नाही, तिचा अंदाज करतं. पळणाऱ्या माणसाचासुद्धा तो अंदाज बराच चुकतो. तुमच्या कामात उकाडा आहे. उकाड्यात नाडी वाढते ती अंग थंड ठेवायला, त्यानं चरबी जळत नाही. घड्याळाला वाटतं हा माणूस धावतोय."

"पण घाम?" तो म्हणाला. "बाई, बनियन पिळतो मी."

"घाम म्हणजे पाणी. प्यायलात की परत आलं."

"मग खरं किती जळतं माझं?"

"साधारण एकोणतीसशे. म्हणजे तुम्ही रोज जेवढं जाळलंत, तेवढंच खाल्लंत."

तीन महिने. रोज मोजून, जिभेला कुलूप लावून, वासालासुद्धा दूर ठेवून तो होता तिथेच उभा होता. बाईंनी सोळाशेचा तोच कागद पुन्हा दिला. सफरचंद खाणारा माणूस अजून खुर्चीतच होता.

बहिणीचं डायलिसिस संपायला अजून वेळ होता; तो एकटाच चालत घरी गेला. वाटेत त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, आणि ती स्वतःच्या वजनाची नव्हती. घड्याळ कुणी आणलं? हजार वजा करायचा नियम कुणी केला? ताटात एकोणतीसशे रोज कुणी मोजून वाढले? उद्या बहिणीचं काही कमीजास्त झालं, तर ही पोरगी जन्मभर या तीन महिन्यांकडे बघत बसेल. तिच्या वयाला एवढं ओझं? छे. ते तिला कळता कामा नये.

भाची दारातच उभी होती. "किती?"

"एकशे अकरा."

"कसं शक्य आहे? आपण तर..."

"मी बाहेर खात होतो," पैलवान म्हणाला. "लाँड्रीच्या कँटीनमध्ये. रोज. वडे, केक, मिळेल ते. सांगायची लाज वाटली."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे संन्यासी स्वतःच दोर घेऊन हजर झाला. भाचीचा आवाज चढला. "आई तिकडे सुयांवर जगतेय आणि तुला वडे सुचतात? मी तांदळाचे दाणे मोजते इथे, मामा, दाणे!" ती रडायला लागली. त्याने तिला रडू दिलं. रागाने रडलेलं पुढेमागे विसरता येतं, असं त्याला वाटलं. रात्री आई घरी आल्यावर तिने तिलाही सांगितलं. बहीण भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती वळली नाही.

त्यानंतर पैलवान कागदावर आला; भाचीला म्हणाला, चोरून खाल्लेलं भरून काढायचंय. घड्याळ हातात तसंच ठेवलं, भाचीला शंका यायला नको. पण आकड्याकडे बघणं सोडलं. अंडं, मुठीएवढा भात, काकडी. भाची आता ताट आदळून ठेवायची आणि संध्याकाळी त्याच्या खिशांत हात घालून कागदाचे तुकडे शोधायची, कशात काही बांधून आणलं होतं का ते. तो निमूट उभा राहायचा. लाँड्रीत अकरा वाजता डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. एकदा हात थांबला आणि इस्त्री एका कोटावर तशीच राहिली. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या हातून कापड जळलं. मावशीने त्याला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. "कुणासाठी मरतोस रे एवढा?" ती म्हणाली. त्याने सांगितलं नाही. ताकास तूर लागू द्यायची नाही, हे आता त्याच्या अंगवळणी पडलं होतं.

वजन मात्र उतरायला लागलं. एकशे आठ. एकशे चार. एकशे एक. आता लाँड्रीचा खोटारडा काटाही दर सोमवारी खाली येत होता. शर्टाचा गळा सैल झाला, अंगठ्याने पँट वर ओढत चालायची सवय लागली. चेहरा इतका वाळला की जुनी गिऱ्हाइकं विचारायची, "काय हो, बरं नाही का?" तो म्हणायचा, "मस्त आहे."

नव्याण्णववर असताना बहिणीला ताप भरला. डायलिसिसच्या नळीतून जंतू रक्तात गेले होते, तिथून हृदयात. सतरा दिवस ती दवाखान्यात होती. अठराव्या दिवशी डॉक्टरांनी पैलवानाला बाहेर बोलावलं.

"जीव वाचला, पण हृदयाची एक झडप गेल्यात जमा आहे. एवढं मोठं ऑपरेशन आता त्यांना सोसणार नाही."

"मी नव्याण्णववर आलोय," पैलवान म्हणाला. "चारच किलो राहिलेत, साहेब. महिन्याभरात करतो."

"प्रश्न आता तुमच्या वजनाचा नाही हो."

"तीन आठवड्यांत करतो."

डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या खांद्याचं हाड हाताला लागलं असणार.

पहिल्या दिवसापासून तो कागदावर असता, तर ताप येण्याच्या कितीतरी आधी तो पंच्याण्णवच्या खाली गेला असता. हे डॉक्टर बोलले नाहीत, पण हे काय कुणी सांगायला हवं? हातच्या कांकणाला आरसा कशाला. तीन महिने एका चुकलेल्या अंदाजात गेले, आणि बहिणीकडे होते तेच तीन महिने.

तरीही तो थांबला नाही. वेडेपणा म्हणा हवं तर. महिन्याभराने तो एकटाच दवाखान्यात गेला, कुणी बोलावलं नसताना, आणि काट्यावर उभा राहिला. चौऱ्याण्णव आणि सहाशे ग्रॅम. नर्सने विचारलं, कशासाठी वजन लिहायचं? तो काट्यावरून उतरून बूट घालायला लागला. तिने वहीत लिहिलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

बहिणीला घरी आणलं होतं. डायलिसिस चालू होतं, पण आठवड्यातून तीनदाचं एकदावर कधी येईल आणि तेही कधी बंद होईल, एवढंच आता ठरायचं होतं. एका रविवारी दुपारी ती म्हणाली, आज मला उशीला टेकवून बसवा. भाचीने तिला बसवलं. मग तिने भावाला हाक मारली आणि भाचीला सांगितलं, "दादाचं ताट इथे आण. भरून आण. मोजू नकोस."

भाचीने ताट आणलं. भाताचा ढीग, डाळ, दोन अंडी, बटाट्याची भाजी. तिने ते मामापुढे ठेवलं आणि पातेलं हातात धरून तिथेच उभी राहिली. आता ती चिडलेली नव्हती. आता घरात कुणाकडेच चिडायला बळ नव्हतं.

"खा," बहीण म्हणाली.

"भूक नाही गं."

"दादा, मी रागावले नाहीये." तिला एकेका शब्दाला थांबावं लागत होतं. "आधी रागावले होते. खोटं कशाला बोलू? हिनं सांगितलं तेव्हा दोन दिवस तुझं तोंड बघवत नव्हतं. मग म्हटलं, लहानपणी मला वाढून स्वतः पातेलं खरवडून खायचास तू. तुझी भूक कधी भागलीच नाही. माणसाची भूक काय त्याच्या हातात असते?"

पैलवानाने वर बघितलं. बहिणीच्या डोळ्यांत खरोखरच राग नव्हता. तिने त्याला माफ केलं होतं, पूर्ण, मनापासून, आणि त्याने न केलेल्या गोष्टीसाठी. एक वाक्य पुरलं असतं. एकच. पण ते वाक्य ऐकायला भाचीही तिथेच होती, हातभर अंतरावर, आणि तिच्यापुढे सगळं आयुष्य पडलेलं होतं.

"यापुढे चोरून नको खाऊस," बहीण म्हणाली. "माझ्यासमोर बसून खा. मला बघू दे."

त्याने भात कालवला आणि पहिला घास तोंडात घातला. मग दुसरा. बहीण बघत होती, म्हणून तिसरा.

"अजून वाढ त्याला," ती भाचीला म्हणाली, आणि तो मान खाली घालून जेवत राहिला.